अन्नवस्त्र

पतीपासून विभक्त झालेल्या किंवा पती गमावलेल्या स्त्रीला जे मिळावयाचे त्याला मराठीत पोटगी म्हणतात. जुन्या दस्तऐवजांत आणि दाव्यांच्या कागदांत त्यालाच अन्नवस्त्र असा शब्द येतो. आम्ही राहतो त्या काशीतल्या कचेरीत लोक गुजारा म्हणतात. पोट भरणे, अंग झाकणे आणि दिवस काढणे एवढाच अर्थ या तीन शब्दांत मिळून आहे. मुलाला बापाचे मिळते तो वारसा, भावाला भावाकडून मिळते ती वाटणी, भागीदाराला धंद्यातून मिळतो तो हिस्सा. ज्या स्त्रीने त्याच घरात तीस वर्षे चूल, मुले आणि म्हातारी माणसे सांभाळली तिला मात्र मिळते ती पोटगी. शब्दांची ही वाटणी आपोआप झाली असे आम्हांस वाटत नाही. देणाऱ्याला आपण काय देत आहो असे वाटत आले, ते या शब्दांत उतरले आहे. ते देणे कृपा आहे की ऋण, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. आणि आमचे बहुतेक वाचक सरकारी नोकरीत देशभर विखुरलेले असल्यामुळे तो त्यांच्याच भाषेत, म्हणजे पगार आणि पेन्शन यांच्या भाषेत, मांडता येईल असे आम्हांस वाटते.

प्रथम काशीविषयी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी वस्ती आहे. या वस्तीच्या वाड्यांत एकेक खोली धरून राहणाऱ्या विधवा हा काशीच्या मराठी जीवनाचा एक मोठा, आणि फारसा न लिहिला गेलेला, भाग होता. देशावरच्या किंवा कोकणातल्या घरी नवरा वारला, मूलबाळ नाही, दीर-जावांच्या संसारात एक ताट जड झाले, की तिला काशीवास सुचवला जाई. सुचवणाराच्या तोंडी तो धर्म असे. ऐकणारीला त्यातला खर्चाचा हिशेब कळत नसे असे मात्र समजू नये. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डरची सोय केल्यावर हा काशीवास घरच्यांना अधिकच सोयीचा झाला. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम येई. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी थोडी जागा असे. तेथे कधी दोन ओळी, बहुधा काहीच नाही. दीर असेपर्यंत रक्कम येत राही; पुढे पुतण्याच्या हाती कारभार गेला की ती मागेपुढे होई, आणि एखाद्या वर्षी थांबे. थांबल्यावर पत्र लिहावयाचे तेही विनंतीचे. मागणीची भाषा त्या स्त्रीला कोणी शिकवलेली नव्हती.

आता याच रकमेकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. ज्या शेताच्या खंडातून किंवा ज्या घराच्या भाड्यातून ती निघे, त्यात तिच्या नवऱ्याचा दिराइतकाच वाटा होता. नवरा आणि दीर विभक्त झालेले असते तर निपुत्रिक नवऱ्यामागे तो वाटा, हयातीपुरता का होईना, तिच्या हाती आला असता. ते एकत्र राहिले एवढ्याच कारणाने तो दिराकडे गेला आणि तिच्या वाट्याला अन्नवस्त्र आले. म्हणजे दीर तिला पाठवीत होता तो तिच्याच नवऱ्याच्या वाट्याच्या उत्पन्नातला एक तुकडा होता. आणि त्याबद्दल ती कृतज्ञ राहावी अशी अपेक्षा होती. विधवेने सासरच्या घराबाहेर राहिले तरी, ते राहणे दुराचारासाठी नसेल तर, तिचा अन्नवस्त्राचा हक्क जात नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७३ सालीच सांगितले होते. पण काशीतल्या किती बायकांपर्यंत ते पोहोचले असेल? आणि पोहोचले तरी येथून पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावावयाचा कोणी?

शास्त्राकडे वळले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या ग्रंथांनी या स्त्रीचे भवितव्य ठरवले त्यांतले काही याच शहरात, मराठी घरातच लिहिले गेले. पैठणहून काशीस येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यात सोळाव्या शतकात नारायणभट्ट झाले. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. दुसरे नातू नीलकंठभट्ट यांनी ‘व्यवहारमयूख’ लिहिला. आणि १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला गेलेले गागाभट्ट हे कमलाकरांचे पुतणे. पुढे इंग्रजी अमलात मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण यांतील हिंदूंच्या वारशाचे तंटे ‘व्यवहारमयूखा’च्या आधाराने सुटू लागले, इतर महाराष्ट्रात विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ प्रमुख राहिली. ती लिहिली गेली चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ संपादून हा सारा व्यवहार आपल्यापुढे उलगडून ठेवला आहे.

‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका. त्या स्मृतीत टाकलेल्या बायकोविषयी एक नियम आहे, आणि तो आजच्या वाचकाला थबकवणारा आहे. आज्ञेत वागणाऱ्या, कर्तबगार, पुत्रवती आणि गोड बोलणाऱ्या पत्नीचा जो त्याग करील त्याच्याकडून राजाने तिला त्याच्या धनाचा तिसरा हिस्सा देववावा. तो निर्धन असेल तर त्याने तिचे भरणपोषण करावे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी वाटा, भरणपोषण हे ज्याच्यापाशी वाटा देण्याजोगे काही नाही त्याच्यासाठी. दुसरी बायको करणाऱ्याने पहिलीला किती द्यावे हेही तेथे सांगितले आहे: तिला स्त्रीधन दिलेले नसेल तर दुसऱ्या लग्नाला जितका खर्च तितकेच, दिलेले असेल तर त्याच्या निम्मे. या द्रव्याला आधिवेदनिक असे नाव होते. पुढच्या व्यवहारात तिसरा हिस्सा मागे पडला आणि निर्धनासाठी सांगितलेले भरणपोषण तेवढे सधनांच्याही सोयीचे ठरले. शास्त्राचे उल्लंघन करताना माणसे त्यातले सोयीचे वाक्य हाती ठेवतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

तथापि आम्हांस प्राचीनांचे गोडवे गावयाचे नाहीत. त्याच नियमात पत्नीला लावलेली विशेषणे पाहावीत. गोड न बोलणारीचे काय? मुली झालेलीचे काय? नारदस्मृती तर स्पष्टच सांगते की, निपुत्रिक मृताच्या बायकांचे पोषण भावांनी करावे, पण त्या पतिव्रता राहिल्या तरच. नाही तर ते तोडावे. वर्तनाची ही अट तेव्हापासून पोटगीला चिकटली ती अद्याप सुटलेली नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात ती निरनिराळ्या शब्दांत आहेच. आमचा प्रश्न असा की, जे देणे घेणाराच्या चारित्र्यावर अवलंबून असते ते ऋण कसे म्हणावे? सावकाराचे वर्तन बिघडले म्हणून कर्ज बुडवण्याची सवलत कोणी मागत नाही. भावाने दारू प्यायली म्हणून त्याची वाटणी कोणी अडवीत नाही. बक्षिसाला अट असते, भिक्षेला अट असते, देण्याला नसते.

काशीच्याच घाटांवर याची दोन चित्रे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. १७३४ साली पेशव्यांकडून होळकरांच्या घरात मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर वेगळी काढून मिळाली. दौलतीचा पैसा सरदाराचा, खासगीचा पैसा घरच्या स्त्रीचा, अशी ती व्यवस्था. नवरा मेल्यावर द्यावयाची ती तरतूद नव्हती. तो हयात असताना, संसार भरात असताना काढलेला तो वाटा होता. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. त्या १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात विधवा झालेल्या. विश्वेश्वराचे देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभे केले, येथे घाट बांधला, आणि देशभर अन्नछत्रे व धर्मशाळा चालवल्या. त्यांचे पुण्य सर्वांच्या तोंडी आहे. त्या पुण्यामागे एका स्त्रीच्या हाती कोणालाही न विचारता खर्च करता येईल असा पैसा होता, हे आमच्या कीर्तनकारांनी फारसे सांगितले नाही. दानशूर व्हावयाला आधी स्वतःचे काही असावे लागते.

दुसरे चित्र मणिकर्णिकेचे. चिमाजी अप्पांच्या आश्रयाने काशीत राहिलेल्या मोरोपंत तांब्यांची ही मुलगी झाशीची राणी झाली. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. राणीला महिना पाच हजार रुपयांची हयात तनखा देऊ करण्यात आली. राजाची खासगी मालमत्ता राणीस द्यावी अशी तेथल्या इंग्रज अधिकाऱ्याची शिफारस होती. डलहौसीने ती डावलून मालमत्ता दत्तक पुत्राची ठरवली. राज्यासाठी ज्याचे दत्तविधान मानले नाही तोच मालमत्तेपुरता वारस ठरला. आणि राजाचे कर्ज? ते राणीने आपल्या तनख्यातून फेडावे असे तिला सांगण्यात आले! मालमत्ता एकाची, कर्ज दुसरीचे, आणि जी तनखा द्यावयाची ती मेहरबानी म्हणून. लढाईच्या गोष्टीत हा हिशेब झाकला जातो. पण आपल्यावर झालेला अन्याय राज्यापुरताच नाही हे त्या बाईला रोजच्या खर्चात कळत असले पाहिजे. त्याआधी तीनच वर्षे, १८५१ साली, बिठूरला दुसरे बाजीराव वारताच त्यांची वार्षिक आठ लाखांची पेन्शन व्यक्तिगत होती म्हणून कंपनीने बंद केली होती. मागे राहिलेल्या कुटुंबाचा विचार हा सरकारच्या मर्जीचा भाग ठरला.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर आपल्या पेन्शनीकडे पाहावे. १८५१ साली पेन्शन ही मर्जी होती. पुढेही पुष्कळ काळ सरकारी मनात तीच कल्पना घर करून होती. सेवानिवृत्तांनी त्याविरुद्ध भांडण केले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन हा हक्क आहे, सरकारच्या मर्जीचा प्रश्न नाही, असे ठरवले. पुढे डी. एस. नकारा यांच्या खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांनी १७ डिसेंबर १९८२ रोजी तेच अधिक विस्ताराने सांगितले: पेन्शन ही बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, उमेदीच्या वर्षांत ज्याने कष्ट केले त्याला म्हातारपणी निराधार होऊ न देण्याचे ते आश्वासन आहे. हा दिवस पेन्शनर मंडळी आजही साजरा करतात, आणि तो त्यांनी करावाच.

आता हीच वाक्ये आपापल्या घरात नेऊन ठेवावीत. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या अधिकाऱ्याच्या दहा-बारा बदल्या होतात. नागपूरहून जबलपूर, जबलपूरहून गुवाहाटी, तेथून दिल्ली, मग वाराणसी. प्रत्येक बदलीला सामान बांधणे, मुलांची शाळा शोधणे, परक्या भाषेत भाजीवाल्याशी बोलावयास शिकणे आणि चार महिन्यांत घर उभे करणे हे काम कोणी केले? तिची शिक्षिकेची नोकरी पहिल्याच बदलीत सुटली असेल तर ती नोकरी, तिची बढती आणि तिची पेन्शन कोठे गेली? ती त्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात, त्याच्या वेळेवर झालेल्या बढतीत, आणि शेवटी त्याच्या पेन्शनीच्या आकड्यात मिसळून गेली. त्याचा मोबदला जर उशिरा मिळणारे वेतन असेल, तर तिचाही तोच आहे. पहिले विधान मान्य करून दुसरे नाकारणाऱ्याचे तर्कशास्त्र आम्हांस कळत नाही.

सरकारने हे निम्मे मान्य केले आहे. १ जानेवारी १९६४ पासून केंद्र सरकारच्या नोकरांना कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना लागू झाली. १९६४ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या विधवांना तिच्या बाहेर ठेवले होते. त्यांच्यापैकी एकीने दाद मागितली आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांनाही ते मिळू लागले. आज सर्वसाधारण दराने शेवटच्या पगाराच्या तीस टक्के रक्कम विधवेला मिळते. (२००४ नंतर नोकरीत आलेल्यांचा हिशेब वेगळा आहे, तो त्यांनी स्वतंत्रपणे समजून घ्यावा.) विशेष असे की, ही रक्कम नवऱ्याच्या मालमत्तेचा भाग नाही आणि मृत्युपत्राने त्याला ती दुसऱ्याकडे वळवता येत नाही, असे न्यायालयाने १९९१ साली ठरवले. नवऱ्याच्या कर्जापायी तिच्या पेन्शनीवर जप्तीही येत नाही. झाशीच्या राणीला जे सोसावे लागले ते एखाद्या कारकुनाच्या विधवेला आता सोसावे लागत नाही, एवढी प्रगती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

कायद्याचीही वाटचाल याच दिशेने झाली, पण अडखळत. मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीने १९३७ साली विधवेला मुलाइतका वाटा मिळाला. मात्र तो हयातीपुरता, आणि शेतजमीन त्यातून वगळलेली. ज्या देशात मालमत्ता म्हणजे शेतजमीन, तेथे शेतजमीन वगळून वाटा! १९५६ च्या वारसा कायद्याने तिचा हयातीपुरता हक्क पुरा मालकीचा केला. त्याचा अर्थ लावताना १९७७ साली तुळसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विधवेचा निर्वाहाचा हक्क ही दया नव्हे; लग्नाच्या नात्यातूनच तो उत्पन्न होतो, म्हणून त्या हक्कापोटी तिला दिलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. आमच्या दुर्गाघाटच्या विधवांना हा निकाल ऐकावयास मिळाला नाही याचे वाईट वाटते.

मृत्यूच्या बाबतीत कायदा असा पुष्कळ पुढे आला. विभक्त होण्याच्या बाबतीत तो मागेच रेंगाळला आहे. मेलेल्या नवऱ्याची बायको आणि टाकलेली बायको यांत समाजानेही नेहमी भेद केला. विधवेची दया येते. टाकलेलीविषयी तिचेच काही चुकले असेल अशी शंका येते. संगमनेरला १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली तेव्हा या बायका प्रथमच उघडपणे एकत्र आल्या. त्यांच्या हाती पडणाऱ्या रकमा ऐकल्या म्हणजे मन विषण्ण होते. फौजदारी संहितेत पोटगीवर कमाल मर्यादाच होती: १९५५ पासून महिना पाचशे रुपये, आणि ती २००१ साली उठेपर्यंत तशीच राहिली. शेहेचाळीस वर्षांत रुपयाचे काय झाले हे आमच्या महागाईभत्ता मोजणाऱ्या वाचकांना सांगावयास नको. इंदूरच्या शाहबानो यांना दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केलेली रक्कम महिना पंचवीस रुपये होती. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. १९८५ च्या त्या निकालावरून देशात जे रणकंदन माजले त्यात हा आकडा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

याउलट एक विलक्षण गोष्ट पाहावी. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक माणसे दगावली. त्यांत गृहिणी होत्या. त्यांच्या कुटुंबांना भरपाई देताना त्यांच्या घरकामाची किंमत काय धरावयाची असा प्रश्न आला, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने चौतीस ते एकोणसाठ वयाच्या गृहिणीच्या सेवेची किंमत वर्षाला छत्तीस हजार रुपये धरली. रक्कम मोठी नव्हे. पण तत्त्व मान्य झाले की, घरात राबणारी स्त्री काही निर्माण करते. म्हणजे ती जळून मेली तर तिच्या श्रमाची किंमत नवऱ्याला भरपाई म्हणून मिळते. ती जिवंत वेगळी झाली तर त्याच श्रमाची किंमत तिला मागता येत नाही, फक्त गरज दाखवून पोटगी मागता येते.

आता दुसरी बाजू. आमचे एक स्नेही, तेही सरकारी नोकरच, म्हणतात की पोटगीच्या कायद्यात पगारदार तेवढा सापडतो. त्याची वेतनचिठ्ठी उघड असते. दुकानदाराचे आणि कंत्राटदाराचे उत्पन्न कोणाला दिसत नाही. शिवाय त्याला म्हातारे आईबाप असतात, कधी दुसरा संसारही असतो. आणि बायको स्वतः मिळवती असली तरी मागणी करते. यातले पहिले गाऱ्हाणे अगदी खरे आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, ज्यात पोटगीचा प्रश्न २०१३ पासून लोंबकळत होता, सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी आपापल्या मिळकतीचे व देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असा दंडक घातला. लपवणारा त्यामुळे थोडा तरी कोंडीत सापडेल. मिळवत्या बायकोविषयी म्हणाल तर, वाट्याची दृष्टी स्वीकारली की हे गाऱ्हाणे आपोआप सौम्य होते. वाटा दोन्ही बाजूंनी असतो. घर सांभाळणारा नवरा आणि मोठ्या हुद्द्यावरची बायको असेल तर देणे तिच्याकडे लागते, आणि हिंदू विवाह कायद्याने नवऱ्यालाही निर्वाह मागता येतो. आमच्या पुरुषवाचकांनी याचा संकोच बाळगू नये. आणि पाच-सहा महिन्यांच्या संसारानंतर जन्मभराची रक्कम मागणे आम्हांसही अन्याय वाटते. जेथे दोघांनी मिळून काही उभेच केले नाही तेथे वाटा कशाचा? कठीण प्रश्न आईबापांचा आहे. त्यांचे देणे आणि बायकोचे देणे यांत आधी कोणते, हे कोणत्याही सूत्राने सुटणारे नाही. एवढेच म्हणता येईल की, दोन्ही ऋणे आहेत हे ठरल्यावर माणूस काटकसर स्वतःच्या खर्चात करतो. एक ऋण आणि एक कृपा असे ठरले तर ती कृपेत करतो.

वाट्याची ही कल्पना परकी आहे असे कोणी म्हणेल. तर गोव्याकडे पाहावे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्नाबरोबर नवराबायकोची संपत्ती सामाईक होते आणि निम्मा हिस्सा बायकोचा असतो. व्यवहारात कारभार नवऱ्याच्या हाती राहतो आणि कागदोपत्री हक्क कागदावरच राहण्याचे प्रकार तेथेही आहेत. तरीही पोटगी मागावयास आलेली स्त्री आणि आपला निम्मा भाग वेगळा काढावयास आलेली स्त्री यांच्या उभे राहण्यातच फरक पडतो. जर्मनीत १९७७ पासून घटस्फोटाच्या वेळी संसाराच्या काळात दोघांनी मिळवलेले पेन्शनचे हक्क एकत्र मोजून सारखे वाटतात. इंग्लंडमध्ये २००० सालापासून न्यायालयाला पेन्शन विभागून देता येते. ज्या इंग्रजांनी राणीला तनखा कृपा म्हणून देऊ केली त्यांनाही हे समजावयास दीडशे वर्षे लागली.

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय पेन्शन नियमांत न्यायालयाच्या आदेशाने विभक्त राहणारी पत्नी, व्यभिचाराच्या कारणावरून ती विभक्तता झालेली नसेल तर, कुटुंबात मोडते आणि तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. घटस्फोट झालेली पत्नी कुटुंबात मोडत नाही. १९५६ च्या निर्वाह कायद्यातील मृताच्या आश्रितांच्या यादीतही ती नाही. जानेवारी २०२४ मधील बदलाने, घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या स्त्री-कर्मचाऱ्याला नवऱ्याच्या आधी मुलांचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पुढे करता येते, आणि ते योग्यच झाले. पण अठ्ठावीस वर्षे अधिकाऱ्याबरोबर गावोगाव फिरलेली आणि साठीच्या उंबरठ्यावर घटस्फोट पदरी आलेली स्त्री या नियमांत कोठेही नाही. तिला ठरवून दिलेली मासिक रक्कम तो असेपर्यंत येते. तो गेला की, ती रक्कम एखाद्या मिळकतीवर बोजा म्हणून ठेवलेली नसेल तर, सामान्यतः तीही थांबते. दीर वारल्यावर मनिऑर्डर थांबलेल्या काशीच्या विधवेहून तिची स्थिती फारशी वेगळी नाही, फक्त तिला काशीला यावयाचीही कोणी सूचना करीत नाही.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर घटस्फोटाच्या कागदावर सही करावयास निघालेल्या आमच्या अधिकारी वाचकाने आपल्या वकिलाला, दरमहा किती द्यावे लागेल हा प्रश्न विचारण्याआधी, माझ्यामागे तिचे काय होईल हा प्रश्न विचारावा. हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमात एकरकमी देण्याची आणि स्थावर मिळकतीवर बोजा ठेवण्याची सोय आहे. ती तिच्या बाजूनेच मागितली पाहिजे असा काही नियम नाही. नवऱ्यानेही ती आपण होऊन न्यायालयापुढे ठेवावी, त्याला कोणाची मनाई नाही.